दुसरी लाइन पडून का राहते? असमान मार्गांवरच्या वाटपाची पार्श्वभूमी

सांगलीतल्या एखाद्या अडत दुकानात किंवा पतसंस्थेत आज इंटरनेटच्या दोन लाइन असतात. समजा, एक 100 एमबीपीएसची फायबर आणि दुसरी 20 एमबीपीएसची वायरलेस. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर दुसऱ्या लाइनची गरज कुणाला पटवून द्यावी लागत नाही. पण फायबर चालू असताना ती बहुधा नुसतीच पडून असते. सहातला एक हिस्सा तिच्यावर टाकावा, हे सरळ वाटतं. मग ते सर्रास का होत नाही?

1988 मध्ये आरएफसी 1058 ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) नोंदवलेला रिप हा राउटरांनी मार्ग ठरवायचा प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच, वाटेत किती राउटर लागतात एवढंच मोजायचा, तेही 15 पर्यंत. लाइन रुंद की अरुंद, याची त्याला जाणीवच नव्हती. त्याआधीच, 1980 च्या दशकाच्या मध्यात, राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीने आयजीआरपी हा मार्ग ठरवायचा प्रोटोकॉल आणला होता. तो बँडविड्थ आणि विलंब धरून मार्गाची किंमत काढायचा. त्यातला ‘व्हेरियन्स’ हा गुणक 2 ठेवला, तर सर्वोत्तम मार्गाच्या दुपटीपर्यंत किंमत असलेले मार्गही वापरात येत आणि ट्रॅफिक किमतीच्या व्यस्त प्रमाणात वाटलं जाई. कल्पना इतकी जुनी आहे!

खरी अडचण चकव्याची. साताऱ्याला जाणारं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, सांगलीच्या राउटरने मिरजेला दिलं आणि मिरजेचा साताऱ्याचा रस्ता सांगलीवरूनच असला, तर पॅकेट दोघांत फिरत राहणार. म्हणून शेजाऱ्याचं उरलेलं अंतर आपल्या सर्वोत्तम अंतरापेक्षा कमी असेल तरच त्याच्याकडे पाठवायचं, अशी अट लागते. या अटीला भक्कम गणिती आधार दिला जे. जे. गार्सिया-लुना-असेवेस यांच्या ‘ड्युअल’ पद्धतीने. आयजीआरपीचा सुधारित अवतार ईआयजीआरपी तिच्यावर उभा आहे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत देखणं काम हेच. पण ईआयजीआरपी वर्षानुवर्षं एकाच कंपनीचा राहिला. आरएफसी 7868 म्हणून त्याचा तपशील प्रसिद्ध व्हायला 2016 उजाडलं.

तोवर ओएसपीएफ या कुणालाही वापरता येणाऱ्या, खुल्या प्रोटोकॉलने जम बसवला होता, आणि तो फक्त समान किमतीच्या मार्गांवर भार वाटतो.

चालू भार पाहून मार्ग बदलायचा प्रयोग इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर आधीच झाला होता. 1979 पासून तिथे प्रत्यक्ष विलंब मोजून मार्ग ठरत. गर्दी वाढली की सगळं ट्रॅफिक मोकळ्या लाइनवर धावे, ती तुंबली की परत पहिलीवर. 1987 मध्ये हे गणित सौम्य करावं लागलं.

दुसरा पेच टीसीपीचा, म्हणजे पॅकेटं क्रमाने आणि न हरवता पोचवणाऱ्या प्रोटोकॉलचा. एकाच फाइलची पॅकेटं कमी-जास्त विलंबाच्या दोन लाइनवर आळीपाळीने टाकली, तर ती क्रम चुकवून पोचतात. आधी आलेलीच पोच पुन्हा तीनदा आली की पाठवणारा त्यापुढचं पॅकेट हरवलं असं समजतो आणि वेग कमी करतो. म्हणून राउटर पॅकेट नव्हे, अख्खा प्रवाह, म्हणजे एका जोडणीची सगळी पॅकेटं, एका मार्गाला बांधतात. 2000 मधल्या आरएफसी 2991 आणि 2992 मध्ये याची चर्चा आहे.

आपल्या पतसंस्थेत दोन लाइन दोन कंपन्यांच्या, इंटरनेटवरचे पत्तेही वेगळे. तिथे राउटरवर 5:1 वजन लावून जोडण्या वाटता येतात आणि अनेक जण एकदम काम करत असले की त्याचा फायदा दिसतो. एक मोठी फाइल मात्र एकाच लाइनने जाईल. ती दोन्हींवर फोडायची, तर 2013 मध्ये आरएफसी 6824 ने मांडलेला मल्टिपाथ टीसीपी दोन्ही टोकांना लागतो.