एसीचा कंट्रोल बॉक्स: तारांच्या पेटीपासून तापणाऱ्या बोर्डापर्यंत

जुन्या विंडो एसीचं पुढचं झाकण काढलं की उजव्या हाताला पत्र्याची एक अरुंद पेटी दिसायची. तिच्यात फिरवायचा सिलेक्टर स्विच, बारीक तांब्याची नळी असलेला थर्मोस्टॅट, मोटर चालती ठेवायला मदत करणारा एक रन कपॅसिटर आणि आठ-दहा तारा असायच्या. कंप्रेसर एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद. या पेटीत स्वतःहून तापणारं असं जवळजवळ काही नव्हतं. तापायचे ते फक्त सांधे.

त्या सांध्यांकडे दुर्लक्ष झालं, आजही होतं, म्हणून आधी तेच सांगतो. बहुतेक जोडण्या 6.3 मिलिमीटर रुंदीच्या चपट्या पुश-ऑन टर्मिनलच्या असतात. अशी जोडणी सैल झाली आणि तिथे अवघा 0.1 ओहम रोध वाढला, तर 10 अँपिअर प्रवाहाला त्या एका ठिपक्यावर 10 वॉट उष्णता तयार होते. नखाएवढ्या पितळी तुकड्याला ती पेलत नाही. तो काळा पडतो, त्याची स्प्रिंगसारखी पकड जाते, रोध आणखी वाढतो. ‘कपॅसिटर उडाला’ म्हणून बदलला जातो, पण जळकं थिंबल (तेच पितळी टर्मिनल) तसंच राहतं आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते.

कपॅसिटरचाही एक इतिहास आहे. पूर्वी त्यात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल नावाचं तेल भरायचे, कारण ते सहजासहजी पेट घेत नाही. पर्यावरणाला ते घातक ठरल्यावर 1979 मध्ये अमेरिकेने त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. पुढे पॉलिप्रॉपिलिनच्या पातळ फिल्मवर धातूचा थर दिलेले कपॅसिटर सगळीकडे रुळले. त्यात लहानसा दोष झाला तर तेवढीच जागा जळून उरलेला भाग काम करत राहतो. उष्णता मात्र त्यांनाही सोसत नाही. त्यांच्या अंगावर 70 किंवा 85 अंशांची मर्यादा छापलेली असते.

पेटीचं स्वरूप खऱ्या अर्थाने पालटलं ते इन्व्हर्टरमुळे. तोशिबाने 1981 मध्ये घरगुती इन्व्हर्टर एसी बाजारात आणला. कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करायचा, तर घरात येणारी एसी (सतत दिशा बदलणारी) वीज आधी डीसी (एकाच दिशेची) करावी लागते आणि मग तिचे बारीक तुकडे पाडून हव्या त्या वारंवारतेची वीज घडवावी लागते. हे तुकडे पाडण्यासाठी पुढे आयजीबीटी हा इलेक्ट्रॉनिक स्विच सर्वमान्य झाला. त्याच्या विकासात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे बी. जयंत बालिगा यांचा वाटा मोलाचा आहे. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या या अभियंत्याला 2024 मध्ये मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. आपल्या गॅलरीतल्या आउटडोअरमध्ये त्यांच्या कामाचा एक तुकडा बसलेला आहे, हे घरोघरी माहीत असायला हवं.

पण स्विच कितीही चांगला असला तरी दर वेळी उघडताना-मिटताना थोडी वीज उष्णतेत घालवतोच. आता पेटीतच दहा-दहा वॉटच्या मापाने उष्णता तयार होऊ लागली. म्हणून ती उष्णता हवेत सोडणारं अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचं हीट सिंक आलं. आउटडोअरमध्ये कंप्रेसरचा कप्पा आणि पंख्याचा कप्पा यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. हे स्विच असलेला इलेक्ट्रॉनिक बोर्ड सहसा कंप्रेसरच्या बाजूला वर बसतो आणि हीट सिंकची पाती पंख्याच्या वाऱ्यात डोकावतात.

बोर्डावरचा सगळ्यांत नाजूक घटक म्हणजे डीसी साठवणारे मोठे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्यांच्यातला द्रव हळूहळू सुकतो, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. 105 अंशांना 2000 तासांचा कपॅसिटर या हिशेबाने 65 अंशांना 32 हजार तास टिकेल, 75 अंशांना 16 हजारच. ही आकडेमोड विदर्भात फार महत्त्वाची आहे. एसीची क्षमता ठरवण्याची नेहमीची चाचणी बाहेर 35 अंश धरून होते. उष्ण प्रदेशांसाठीची टी-3 चाचणी 46 अंशांवर. चंद्रपूर-अकोल्यात मे महिन्यात 45 अंश हा नेहमीचा अनुभव. त्यात आउटडोअर जाळीमागच्या डक्टमध्ये कोंबलेला असेल, तर तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. भारतात 2018 पासून इन्व्हर्टर आणि साध्या एसीला वीजबचतीच्या एकाच स्टार मोजपट्टीवर आणलं गेलं, इन्व्हर्टर घरोघर पोचला, आणि त्याबरोबर हा नाजूक बोर्डही भर उन्हात आला.

तारांच्या मांडणीचा प्रश्नही इथेच बदलला. पूर्वी गुंतवळ असला तरी एसी चालायचा. आता कंप्रेसरला जाणाऱ्या यू-व्ही-डब्ल्यू या तीन तारांमधून तीनशे व्होल्टच्या आसपासचे झटके सेकंदाला हजारो वेळा जातात, आणि शेजारून सेन्सरची बारीक तार जाते, जिच्यावर जेमतेम काही व्होल्टचा संकेत असतो. दोन्ही एकाच केबल टायमध्ये आवळल्या की सेन्सर चांगला असूनही चुकीचं वाचन मिळू शकतं. म्हणून कंपनीतून येणाऱ्या बोर्डात दोन्ही वाटा वेगळ्या ठेवलेल्या असतात, तारांवर असा विद्युत गोंगाट दाबणारी फेराइटची कडी चढवलेली असते. घट्ट जुडगा आतल्या तारांची उष्णता कोंडतो ते वेगळंच. साधं पीव्हीसी आवरण 70 अंशांपर्यंतचं असतं. कंप्रेसरमधून बाहेर पडणारी गरम नळी त्याहून जास्त तापते, त्यामुळे तिला टेकलेली तार थरथरीत घासत-वितळत जाते.

हवा खेळावी म्हणून पेटीला भोकं ठेवावीत, तर पाल आणि मुंग्या आत शिरतात, कोकण-गोव्यात खारा वाराही. बोर्डावर आडव्या पडलेल्या पालीने शॉर्टसर्किट झाल्याच्या कहाण्या प्रत्येक मेकॅनिककडे आहेत. एसीत थंडाव्यासाठी भरला जाणारा आर-32 हा गॅस सौम्य ज्वलनशील असल्याने ठिणगीच्या जागा बंदिस्त ठेवण्याकडेही कल वाढला. बंद पेटीतली उष्णता मग न्यायची कुठे? डायकिनने आपल्या मोठ्या व्हीआरव्ही यंत्रणांमध्ये (एका आउटडोअरवर अनेक खोल्या थंड करणाऱ्या) रेफ्रिजरंटची, म्हणजे थंडावा देणाऱ्या गॅसची नळीच बोर्डाला भिडवून तो थंड करण्याची वाट काढली. बहुतेक घरगुती एसीत मात्र अजून भिस्त हीट सिंकवर आहे, आणि त्याच्या नि पॉवर मॉड्यूलच्या (आयजीबीटी असलेल्या भागाच्या) मधल्या थर्मल पेस्टच्या पातळ थरावर. बोर्ड बदलताना जुनी, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली नाही, तर नव्या बोर्डाला ती उष्णता पहिल्या दिवसापासून सोसावी लागते.