एक टक्का, दहा टक्के आणि पुन्हा एक टक्का: रक्तनमुन्याच्या टेबलाखालच्या बादलीची पार्श्वभूमी

रक्त काढण्याच्या खोलीत टेबलाखाली एक प्लास्टिकची बादली असते. लॅबमधली माणसं तिला 'हायपोची बादली' म्हणतात. सुई कुठे टाकायची, कापसाचा बोळा कुठे आणि फुटलेली काचेची नळी कुठे, हे आता डब्या-पिशव्यांच्या रंगांवरून ठरतं. नवा सहायकही ते दोन दिवसांत शिकतो. बादलीतलं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक द्रावण, किती टक्क्यांचं असावं, याचं उत्तर मात्र सरकारी नियमांनी १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत तीनदा दिलं, आणि त्यातलं मधलं उत्तर निभावण्यासारखं नव्हतं.

क्लोरीनचा वापर जुनाच. १८४७ मध्ये व्हिएन्नातल्या एका प्रसूतिगृहात, शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावलं आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पहिल्या महायुद्धात अर्धा टक्का हायपोक्लोराइटने जखमा धुतल्या जात. आपल्याकडे क्लोरीनयुक्त चुना 'टीसीएल' या नावाने ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत पडला. लॅबचं काम मात्र बराच काळ उकळत्या पाण्यावरच भागलं. काचेची सिरिंज, सुई आणि स्टरिलायझरचा डबा. सुई बोथट झाली की दगडावर घासून पुन्हा धार लावायची.

१९८६ मध्ये देशात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा आढळली आणि हे चित्र बदलू लागलं. कोणाच्या रक्तात काय आहे ते चेहऱ्यावरून कळत नाही, तेव्हा प्रत्येक नमुना संसर्गजन्यच समजायचा, ही शिकवण तेव्हापासूनची. एकदाच वापरायच्या प्लास्टिक सिरिंजा आल्या आणि त्यांच्यासोबत एक नवी अडचण आली. काचेची सिरिंज उकळून कपाटात जायची, प्लास्टिकची कचऱ्यात जाऊ लागली. कचऱ्यातून ती भंगारात, भंगारातून धुऊन पुसून परत बाजारात येण्याची भीती होती. २० जुलै १९९८ ला जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम निघाले, त्यामागे ही भीतीही होती. सिरिंज आधी जंतुनाशकात भिजवा, मग तोडा, म्हणजे ती कोणाला पुन्हा विकता येणार नाही. जंतुनाशक कोणतं, तर किमान एक टक्का हायपोक्लोराइट किंवा त्याच्या तोडीचं दुसरं रसायन. टेबलाखाली बादली पक्की झाली ती इथे.

त्या नियमांतल्या रंगांचा घोळही कमी नव्हता. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीतही चाले आणि लालमध्येही. सलाइनची नळी लालमध्येही आणि निळ्या किंवा पांढऱ्यातही. दोन दवाखान्यांत दोन पद्धती, आणि दोन्ही नियमाप्रमाणेच! २८ मार्च २०१६ च्या नव्या नियमांनी हा गोंधळ चांगला निस्तरला. कापूस पिवळ्यात, नळ्या आणि सुईविना सिरिंज लालमध्ये, सुया पांढऱ्या, भोसकल्या न जाणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. लाल पिशवीतलं प्लास्टिक सामायिक प्रक्रिया केंद्रात, म्हणजे अनेक दवाखान्यांचा कचरा जिथे एकत्र जातो तिथे, ऑटोक्लेव्ह होणार (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक होणार), त्यामुळे जिथे अशा केंद्राची गाडी येते तिथे ते आधी हायपोत बुडवण्याची गरजच उरली नाही. बादलीचं काम आक्रसलं: सांडलेलं रक्त, द्रव कचरा, काच.

आणि नेमक्या त्याच नियमांत, जिथे काम कमी झालं होतं तिथे, प्रमाण दहापट झालं. 'किमान १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट, ३० टक्के अवशिष्ट क्लोरीनसह, वीस मिनिटं', असं परिशिष्टात आलं.

दहा टक्के म्हणजे काय ते कॅन समोर ठेवून पाहावं. बाजारातला हायपोक्लोराइटचा कॅन साधारण पाच किंवा दहा टक्क्यांचा. म्हणजे नियम शब्दशः पाळायचा तर दहाचा कॅन पाणी न घालता तसाच ओतायचा, आणि पाचचा असेल तर पाळताच येत नाही. ज्या कोंदट खोलीत दिवसाला शंभर माणसं दंड पुढे करून बसतात, तिथे हे उघडं ठेवलं तर डोळे चुरचुरतात, घसा धरतो आणि नीडल कटरची पाती गंजतात. उष्णतेने आणि उजेडाने हायपोचा जोर ओसरतो, तेव्हा आपल्या उन्हाळ्यात कॅनवरचे दहा महिन्याभराने दहा राहतात असंही नाही.

हा आकडा कुठून आला असावा? माझा तर्क असा. परदेशी मार्गदर्शिकांमध्ये घरगुती ब्लीच (तेही हायपोक्लोराइटचंच द्रावण) एकास दहा पातळ केलं की त्याला '१० टक्के ब्लीच' म्हणण्याची सवय आहे. मूळ ब्लीच सव्वापाच टक्क्यांच्या आसपासचं, म्हणजे त्या 'दहा टक्क्यांत' खरं हायपोक्लोराइट अर्धा टक्काच. कशाचे दहा टक्के, हा प्रश्न वाटेत कुठेतरी गळाला असणार.

'३० टक्के अवशिष्ट क्लोरीन' तर त्याहून विचित्र. १९९८ च्या नियमांना हे शेपूट नव्हतं. 'अवशिष्ट' हा शब्द पाणीपुरवठ्यातला आहे. टाकीत टीसीएल टाकल्यावर काही क्लोरीन पाण्यातल्या घाणीवर खर्ची पडतो आणि नळाला जो उरतो तो अवशिष्ट. तो मोजतात लिटरमागे मिलिग्रॅममध्ये; शून्य पूर्णांक दोन असला तरी पाणी पिण्याजोगं मानतात. रसायनाच्या पोत्यात किंवा कॅनमध्ये जो असतो तो 'उपलब्ध' क्लोरीन, आणि ताज्या टीसीएल पावडरीत तो तीस-पस्तीस टक्के असतो. पावडरीचा आकडा, पाण्याचा शब्द आणि कॅनमधलं द्रव एकाच वाक्यात बसवल्यासारखं हे दिसतं. कोणी त्याचा अर्थ 'वीस मिनिटांनी मूळच्या तीस टक्के क्लोरीन शिल्लक राहावा' असा लावतात. अर्थ लावायचाच झाला तर हा बरा, पण बादलीशी उभ्या असलेल्या सहायकाने तो मोजायचा कशाने?

मी पाहिलेल्या लॅबमध्ये लोकांनी आपापले मार्ग काढले. एका ठिकाणी भिंतीवरच्या तक्त्यावर '१० टक्के' आणि बादलीत मात्र एक. दुसरीकडे एक भाग कॅनमधलं आणि नऊ भाग पाणी, हेच 'दहा टक्के द्रावण' असं प्रामाणिकपणे समजून चाललेलं. कॅन दहाचा होता, त्यामुळे चुकून बरोबर एक टक्का होत होता.

१६ मार्च २०१८ च्या दुरुस्तीत १० च्या जागी '१ ते २ टक्के' आलं. शेपूट मात्र तसंच राहिलं. एक टक्क्याच्या द्रावणात तीस टक्के क्लोरीन मावणार कुठे, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

नंतर करोना आला आणि हायपो लॅबबाहेर पडलं. ग्रामपंचायतींनी गल्ल्यांत फवारे मारले, बाजारांच्या तोंडाशी फवारणीच्या कमानी उभ्या राहिल्या. मार्च २०२० मध्ये बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर ते फवारलं गेलं. माणसांच्या अंगावर फवारणी नको, अशी केंद्राची सूचना १८ एप्रिलला निघाली. सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा तेव्हा एकच होता, एक टक्का.

आजही जुने तक्ते भिंतींवर आहेत. त्यांच्याकडे न बघता कॅनचं लेबल वाचलेलं बरं. पाचचा कॅन असेल तर एक माप हायपोला चार मापं पाणी, दहाचा असेल तर नऊ. द्रावण रोज सकाळी नवं, वर झाकण, आणि बादलीवर मार्करने वेळ.