ए२, एफएल, सी२ : हमीभावाच्या वादातला ‘खर्च’ आला कुठून?

पेरणीच्या तोंडावर केंद्र सरकार खरिपाचे हमीभाव जाहीर करते आणि त्याच दिवशी वादाला तोंड फुटते. सरकार म्हणते, उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव दिला. शेतकरी संघटना म्हणतात, दिलाच नाही. दोघेही आकडे घेतात ते कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या एकाच अहवालातून, आणि गुणाकार दोघांचाही बरोबर असतो. भांडण आहे ते ‘खर्च’ कशाला म्हणायचे यावर.

२०१८-१९ च्या खरिपाचे उदाहरण घ्या. मध्यम धाग्याच्या कापसाचा ‘ए२ + एफएल’ खर्च, म्हणजे प्रत्यक्ष झालेला खर्च अधिक घरच्या माणसांची मजुरी (एफएल म्हणजे ‘फॅमिली लेबर’), आयोगाने क्विंटलला ३,४३३ रुपये काढला होता आणि त्यात स्वतःची जमीन व भांडवल यांचाही मोबदला धरणारा ‘सी२’ खर्च ४,५१४ रुपये. पहिल्याची दीडपट झाली ५,१५० रुपये, आणि तोच हमीभाव ठरला. दुसऱ्याची दीडपट ६,७७१ रुपये होते. सोयाबीनचे दोन खर्च होते २,२६६ आणि २,९७२ रुपये. भाव मिळाला ३,३९९, सी२ धरला असता तर ४,४५८ झाला असता. म्हणजे सोयाबीनला क्विंटलमागे हजाराच्या वर आणि कापसाला सोळाशेच्या वर फरक पडतो, तो केवळ खर्चाचे कोणते खाते धरले यावर.

खर्चाची अशी खाती पाडण्याची पद्धत आली कारखान्यातून. इंग्लंडमधल्या मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवुड याने १७७२ च्या मंदीत आपला हिशेब तपासला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की काही खर्च माल कमी काढा की जास्त, जवळपास तेवढेच राहतात. स्थिर आणि बदलता खर्च हा भेद पुढे शंभर वर्षांनी, १८८७ मध्ये, गार्की आणि फेल्स यांनी कारखान्याच्या हिशेबांवरच्या पुस्तकात नीट मांडला. कच्चा माल आणि मजुरी हा थेट खर्च, त्यावर कारखान्याचा वरखर्च, त्यावर कचेरीचा, त्यावर विक्रीचा, अशी चढती बेरीज कॉस्टिंग शिकणारा प्रत्येक विद्यार्थी आजही पहिल्या सत्रात करतो. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जे. एम. क्लार्क यांनी १९२३ मध्ये त्यात कळीचा मुद्दा घातला : एकच खरा खर्च असा काही नसतो, प्रश्न बदलला की मोजायचा खर्चही बदलतो. हमीभावाच्या वादाकडे बघताना मला हे वाक्य सर्वांत उपयोगी वाटते.

भारतात ही पद्धत शेताच्या बांधावर पोहोचली ती पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात. १९५४-५५ मध्ये नियोजन आयोगाची संशोधन समिती आणि केंद्रीय कृषी खाते यांनी मिळून शेती व्यवस्थापनाची पाहणी हाती घेतली. सुरुवातीला सहा राज्ये निवडली होती. त्यांत मुंबई राज्यातले दोन जिल्हे होते, नाशिक आणि अहमदनगर. या पाहणीत दोन पद्धती शेजारी शेजारी वापरून पाहिल्या. एक सर्वेक्षणाची : हंगामानंतर शेतकऱ्याला विचारायचे, खर्च किती झाला? दुसरी परिव्यय लेखांकनाची, म्हणजे खर्चाच्या वेळच्या वेळी नोंदी ठेवण्याची : नेमलेल्या माणसाने गावातच राहायचे आणि निवडलेल्या शेतकऱ्यांच्या घरी वरचेवर जाऊन आज बैल किती तास चालले, खुरपणीला किती बाया होत्या, त्यांतल्या घरच्या किती आणि रोजाच्या किती, हे लिहून घ्यायचे. वर्षाअखेरीस कुणालाच आठवणार नाहीत असे तपशील या दुसऱ्या पद्धतीत हाती लागतात. घरच्या बाईने वेचणीला दिलेले दिवस हा त्यांतला सर्वांत मोठा तपशील.

खर्चाची अक्षरे याच पाहणीतून आली. आधी ए१, ए२, बी आणि सी अशी खाती होती. पुढे बी आणि सी यांचे दोन-दोन भाग पडले.

ए१ मध्ये शेतकऱ्याच्या खिशातून किंवा कणगीतून प्रत्यक्ष गेलेले सगळे येते : रोजंदारी, बियाणे, खत, औषध, पाणीपट्टी, शेतसारा, अवजारांचा घसारा, खेळत्या भांडवलावरचे व्याज. घरचे बियाणे, घरचे शेणखत आणि घरची बैलजोडी यांचीही किंमत यात धरली जाते. जमीन खंडाने घेतली असेल तर तो खंड मिळवला की झाला ए२. त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी घातली की ए२ + एफएल. सी२ मध्ये याशिवाय दोन गोष्टी येतात : विहीर, अवजारे, गोठा अशा स्वतःच्या स्थिर मालमत्तेवरचे व्याज (ते १० टक्क्यांनी धरतात) आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, म्हणजे हीच जमीन दुसऱ्याला कसायला दिली असती तर जे आले असते ते. खर्च मोजण्याची पद्धत तपासणाऱ्या १९९० च्या हनुमंत राव समितीने याच्याही पुढे जाऊन शेतकऱ्याच्या देखरेखीचे आणि निर्णयांचे मोल म्हणून सी२ वर १० टक्के धरायला सांगितले. तो सी३. त्याचा उल्लेख सभांमध्ये फारसा ऐकू येत नाही.

इथे एक बारकावा आहे. हेक्टरी लागवडीचा खर्च आणि क्विंटलमागचा उत्पादन खर्च या दोन वेगळ्या गोष्टी. ज्वारीच्या शेतातून दाणे निघतात तसा कडबाही निघतो. म्हणून एकूण खर्च दोघांच्या किमतीच्या प्रमाणात वाटून दाण्याच्या वाट्याचा तेवढाच ज्वारीच्या नावावर टाकतात. साखर कारखान्यात मळीचा आणि भुशाचा हिशेब करावा लागतो, तसाच हा प्रकार. आणि क्विंटलचा खर्च उताऱ्यावर अवलंबून असल्याने पावसाने ओढ दिली की हेक्टरी तेवढाच पैसा ओतूनही क्विंटलचा खर्च वर जातो. हमीभाव ठरतो देशभराच्या सरासरीवर. त्यामुळे कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला कागदावरचा खर्च आपला वाटत नाही, ही तक्रार मला रास्त वाटते. खात्यांच्या वादात ती मागे पडते.

नाशिक-नगरसह सहा राज्यांच्या त्या पाहणीतून एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांनी मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक वीकली’त ती मांडली : घरच्या कष्टाला बाजारभावाने मजुरी लावली तर भारतातली बरीचशी शेती तोट्यातली दिसते. शेतकरी घर चालवतो ते स्वतःच्या घामाची मजुरी न लावता. पुढच्या साठ वर्षांच्या आंदोलनांचे मूळ मला या एका निरीक्षणात दिसते.

१९६५ साल या कहाणीत दोनदा येते. त्या जानेवारीत कृषी मूल्य आयोग स्थापन झाला. मुंबईचे अर्थतज्ज्ञ एम. एल. दांतवाला त्याचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ठरावीक उद्योगांना परिव्यय नोंदी ठेवणे आणि परिव्यय लेखापरीक्षण लागू करण्याची सोय झाली. एकाच वर्षात सरकारने कारखान्याचा आणि शेताचा, दोन्ही खर्च मोजायचे ठरवले. दोघांची गणिते मात्र वेगळ्या वाटेने गेली. कारखान्याच्या परिव्यय पत्रकात मालकाने स्वतःच्या जागेचे न दिलेले भाडे किंवा स्वतःच्या पैशावरचे काल्पनिक व्याज सहसा धरत नाहीत. मालकाला त्याचा मोबदला नफ्यातून मिळतो असे मानतात. शेतकऱ्याच्या सी२ मध्ये ते दोन्ही धरले जाते.

१९७०-७१ पासून प्रमुख पिकांच्या लागवड खर्चाची देशव्यापी योजना सुरू झाली आणि पाहणी कायमची झाली. महाराष्ट्रात हे काम राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ पाहते. गावांच्या प्रत्येक गटात दहा शेतकरी निवडतात, जमिनीच्या आकाराचे पाच वर्ग करून प्रत्येकातून दोन. १९८५ मध्ये कृषी मूल्य आयोगाच्या नावातच ‘खर्च’ आला.

दरम्यान शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून रास्त भावाचे आंदोलन उभे केले. १९८० मध्ये नाशिकच्या शेतकऱ्यांनी उसाला टनाला ३०० रुपयांची मागणी घेऊन रस्ते अडवले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा ऐकताना तिच्यातला हिशेबाचा मुद्दा निसटतो : घामाचे दाम म्हणजे नेमके तेच खाते, जे ए१ आणि ए२ मध्ये कोरे असते.

२००४ मध्ये नेमलेल्या स्वामिनाथन आयोगाने २००६ पर्यंत पाच अहवाल दिले. हमीभाव उत्पादन खर्चाच्या भारित सरासरीपेक्षा किमान ५० टक्के जास्त असावा, ही शिफारस त्यांतली. तिच्या वाक्यात ए२ किंवा सी२ असे कोणतेही अक्षर नाही, आणि पुढचा सगळा वाद त्या मोकळ्या जागेत शिरला. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात ही शिफारस घेतली गेली नाही. २०१५ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की असा भाव दिल्यास बाजार विस्कटेल. जून २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला आणि मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत लाल झेंड्यांचा पायी मोर्चा आला. दोन्हीकडे स्वामिनाथन आयोगाची मागणी होती. दोन्ही जिल्हे १९५४-५५ च्या पाहणीतले. त्या दोन घटनांच्या दरम्यान, १ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात, दीडपट भावाची घोषणा झाली आणि जुलैत जाहीर झालेले हमीभाव ए२ + एफएल वर काढलेले होते.

सी२ नको म्हणणाऱ्यांचा एक युक्तिवाद वजनदार आहे, तो उडवून लावू नये. जमिनीचा खंड पिकाच्या भावावर ठरतो. भाव वाढला की खंड वाढेल, खंड वाढला की सी२ वाढेल, आणि सी२ वाढला की पुन्हा भाव. हे चक्र खरे आहे. पाहणीत खंडाला राज्याच्या कायद्यातल्या वाजवी खंडाची मर्यादा घातलेली असते ती काही अंशी यासाठीच. पण स्वतःच्या विहिरीवरच्या, अवजारांवरच्या पैशाला हा आक्षेप लागू होत नाही. जमिनीचा खंड बाजूला ठेवून उरलेले भांडवल आणि घरचे कष्ट धरणारे सी१ हे खाते आयोगाच्या पद्धतीत आधीपासून आहे. सहसा ए२ + एफएल आणि सी२ यांच्या मधे पडणारा तो आकडा घेऊन चर्चेला बसायला माझ्या मते दोन्ही बाजूंना जागा आहे. आणि एफएल मध्ये घरच्या बाईच्या वेचणीला, निंदणीला कोणता दर लावतात, हे तर खाते कोणतेही निवडले तरी तपासावेच लागेल. हनुमंत राव समितीने त्यासाठी किमान वेतन किंवा प्रत्यक्ष मजुरी, यांतले जे जास्त ते धरा, असे १९९० मध्येच सांगून ठेवले आहे.