फट कोण भरणार?

सोलापुरात फायबरच्या सामानाच्या दुकानात ‘होडीसाठी रेझीन द्या’ म्हटलं (रेझीन म्हणजे जमून कडक होणारा चिकट द्रव), की बहुतेक वेळा पॉलिएस्टर रेझीनचा डबा आणि ते कडक करणाऱ्या हार्डनरची छोटी बाटली पुढे येते. टाक्या, मूर्ती यांना ते ठीक. उजनीत हौसेची लाकडी होडी सोडू पाहणाऱ्याची पहिली चूक मात्र तिथेच होते, कारण पॉलिएस्टर लाकडाला नीट धरत नाही.

जुनी होडी मुळात चिकटवलेली नसेच. फळ्या खिळ्यांनी किंवा दोरीनं जोडायच्या, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा, वरून राळ. बाकीचं काम पाणी करी: लाकूड फुगलं की फट मिटे. हाडा-कातड्याचा सरस सुताराकडे होता, पण ओल लागली की तो सुटतो. दुधातल्या केसिनचा डिंक त्याहून बरा, तरी दमट हवेत कुजतो.

याचा धडा विमानांनी दिला. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिशांचं मॉस्किटो विमान लाकडी होतं. 1944 साली भारतातल्या काही मॉस्किटोंचे सांधे सुटून अपघात झाले, तेव्हा पहिला संशय इथल्या उष्ण-दमट हवेवर गेला. चौकशीत जोडकामातले दोषही निघाले. त्याच काळात युरिया आणि रिसॉर्सिनॉल फॉर्माल्डिहाइडचे डिंक पुढे आले. रिसॉर्सिनॉलचा गडद सांधा उकळत्या पाण्यातही टिकतो. अट एकच, सांधा घट्ट बसला पाहिजे आणि क्लॅम्पचा दाब पुरेसा पाहिजे. म्हणजे हात कसलेल्या सुताराचाच हवा.

हौशी माणसाला दार उघडलं ते इपॉक्सीनं, म्हणजे रेझीन आणि हार्डनर ठरलेल्या मापात मिसळून होणाऱ्या डिंकानं. स्वित्झर्लंडमध्ये रसायनतज्ज्ञ पिएर कास्तानच्या कामातून आलेलं अराल्डाइट हे इपॉक्सी 1946 मध्ये बाजारात दिसलं. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये घरी बांधायची मिरर डिंगी ही छोटी होडी आली: प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवायचे आणि सांध्यावर काचतंतूंची पट्टी रेझीनमध्ये बसवायची. ते रेझीन पॉलिएस्टरच होतं. मग अमेरिकेत मिशिगनच्या गुजन बंधूंनी 1969 पासून लाकूड इपॉक्सीनं भिजवून बांधायची रीत रूढ केली. इपॉक्सीत सिलिका किंवा लाकडाचं बारीक पीठ कालवलं की ओघळत नाही असा लगदा होतो आणि दोन-तीन मिलिमीटरची फटही पक्की भरते. सूक्ष्म पोकळ गोळ्यांचं हलकं फिलर (भरण) वेगळं. ते पृष्ठभाग सपाट करायला, घासायला सोपं. भार घेणाऱ्या सांध्यात ते घालू नये. (आपल्याकडे 1959 पासूनचं पांढरं फेव्हिकॉल फर्निचरला उत्तम, पण साधा प्रकार पाण्याखाली मऊ पडतो.)

सुतारकामातली चूक इपॉक्सी पोटात घालतं, मापातली घालत नाही. पॉलिएस्टरचं ‘हार्डनर’ थोडं कमी-जास्त करून जमायचा वेग बदलता येतो. त्याच सवयीनं इपॉक्सीत जास्त हार्डनर टाकलं, तर सांधा कायमचा मऊ राहतो. इथं वजनकाटा हवा.

शिवाय सोलापूरचं ऊन. तापमान दहा अंशांनी वाढलं की इपॉक्सी जमायचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली भांडंभर मिश्रण कालवून ठेवलं, तर ते आपल्याच उष्णतेनं पेटल्यासारखं तापतं, धूर सोडतं आणि दगड होतं. पहाटे काम करावं, मंद हार्डनर घ्यावं, मिश्रण थोडंथोडं करून पसरट ताटात ओतावं. होडी तयार झाली की वर रंग किंवा उन्हाला टिकणारं वार्निश हवंच, कारण उघडं इपॉक्सी उन्हात पिवळं पडून भुसभुशीत होतं.