गाई शंभर, सांड एक: गवळाऊ आणि नागपुरी म्हशीच्या जनुकांचा हिशेब

एखाद्या गावात शंभर गवळाऊ गाई असल्या की ही जात तिथे सुखरूप आहे, असे कोणालाही वाटेल. सकाळी आखरावर गोहण जमते, पांढऱ्या गाईंनी जागा भरून जाते. पण त्या शंभर गाई एकाच सांडाकडून फळत असतील, तर आनुवंशिकतेच्या हिशेबात तो कळप जेमतेम चार जनावरांचा उरतो.

हा हिशेब सीवॉल राइट या शास्त्रज्ञाने १९३१ साली मांडला. पैदाशीतले नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्याची चौपट करायची आणि दोन्हींच्या बेरजेने भागायचे. १०० गाई आणि १ सांड धरला तर ४०० भागिले १०१, म्हणजे सुमारे ४. ही त्या कळपाची परिणामकारक संख्या. गाई ३०० केल्या आणि सांड एकच ठेवला, तरी उत्तर ४ च्या पुढे जात नाही. सांड ५ केले की १०० गाईंच्या कळपाची संख्या १९ होते, १५ केले की ५२. नर कमी असतील तेव्हा नरांच्या चौपट हीच कळपाची मर्यादा. तिशी-चाळिशी शेळ्यांमागे एक बोकड ठेवणाऱ्यांनाही हाच नियम लागतो.

सगोत्र पैदाशीचा, म्हणजे जवळच्या नात्यातल्या जनावरांच्या संकराचा, वेगही याच आकड्यातून निघतो. एकाला परिणामकारक संख्येच्या दुपटीने भागले की दर पिढीला ती किती टक्क्यांनी वाढेल ते कळते. संख्या ४ असेल तर साडेबारा टक्के, १९ असेल तर सुमारे २.६, आणि ५२ असेल तर एका टक्क्याच्या जरा खाली. हा वेग पिढीला १ टक्क्याच्या आत, म्हणजे परिणामकारक संख्या निदान ५० राहावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. प्रत्यक्षात कळपातले दोन सांड भाऊ असतात, काही गाई फळतच नाहीत, म्हणून खरा आकडा सूत्राच्या उत्तरापेक्षा खालीच असतो.

एवढे जपायचे कारण असे. प्रत्येक जनावरात काही सुप्त दोष असतात. जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असेल तर जनावर धडधाकट दिसते. बाप आणि आई दोघांकडून तीच बिघडलेली प्रत वासराला मिळाली की दोष उघडा पडतो. सांड आपल्याच मुलीवर गेला, तर एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या असण्याची शक्यता वासरात २५ टक्के असते, सावत्र भावंडांच्या संकरात साडेबारा टक्के. घरात मात्र हे वेगळ्याच रूपात दिसते: गाय पुन्हा पुन्हा उलटते, म्हणजे फळवूनही गाभण राहत नाही, वासरू अशक्त निपजते, जार अडकतो, दोन वेतांतले अंतर वाढत जाते. दोष खुराकाला दिला जातो आणि सांड तोच राहतो.

अमेरिकेत १९६२ साली जन्मलेल्या ‘चीफ’ नावाच्या होल्स्टीन या विदेशी दुधाळ जातीच्या सांडाचे उदाहरण पशुपैदाशीच्या अभ्यासकांना पाठ असते. त्याच्या मुली भरपूर दूध देत, म्हणून त्याचे रेत जगभर गेले. त्याच्या एका जनुकात मात्र बिघाड होता. दोन्ही बाजूंनी तो आला की गर्भ पोटातच मरे. या एका बिघाडामुळे जगभरात सुमारे ५ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज २०१६ मध्ये मांडला गेला. होल्स्टीन गाई तेव्हाही कोट्यवधी होत्या, पण त्यांच्या मागे उभे असलेले बाप फार थोडे होते.

आता नागपूरकडे वळू. गवळाऊचा पट्टा वर्धा जिल्ह्यातले आर्वी, आष्टी, कारंजा हे तालुके, नागपूर जिल्ह्याचा लगतचा भाग आणि पलीकडे छिंदवाड्यापर्यंत. नंदगवळी समाजाने ही जात सांभाळली, आणि हेटीकुंडीला तिचे सरकारी पैदास केंद्र आहे. अंग सडसडीत, उंच, चेहरा लांब आणि नाकाकडे निमुळता, डोळे बदामी, शिंगे आखूड आणि बोथट, रंग पांढरा ते फिका करडा. नराची मान आणि वशिंड गडद करडे होते. एका वेतात साधारण ६०० लिटर दूध, आणि बैल पळायला चपळ. दिसेल ती पांढरी गाय गवळाऊ म्हणून नोंदवणे ही इथली नेहमीची चूक. आंध्रची ओंगोल जवळपास अशीच दिसते, पण ती अंगाने बरीच जड असते.

नागपुरी म्हशीची खूण तिच्या शिंगांत आहे: लांब, चपटी, तलवारीसारखी, मानेच्या दोन्ही अंगांनी मागे खांद्यापर्यंत गेलेली. अंगाने मुऱ्हापेक्षा हलकी, वेताला सरासरी हजार लिटरच्या आसपास दूध. विदर्भातली फिक्या रंगाची पूर्णाथडी म्हैस आणि गडचिरोली भागातली कठाणी गाय यांना स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. ही नोंदणी कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो करते. नोंदणीमुळे जातीला ओळख आणि योजनांत जागा मिळते, गावातल्या सांडांची संख्या त्याने वाढत नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा कडब्यावर आणि माळावरच्या वाळक्या गवतावर टिकून पुन्हा माजावर येणारी गाय हवी असेल, तर ती क्षमता याच जातींच्या जनुकांत आहे. जतनाचे समर्थन ‘ए-टू’ दुधाच्या जाहिरातीवर उभे करू नये, असे आमचे ठाम मत आहे. बहुतेक देशी गाईंच्या दुधात त्या प्रकारचे प्रथिन असते हे खरे. पण त्याच्या आरोग्यफायद्यांचा पुरावा अजून पक्का नाही, आणि उद्या ती मागणी ओसरली तर गाईही तिच्यासोबत जातील.

नर कमी होण्याची कारणे गावातच आहेत. सगळ्यात उमदा गोऱ्हा चांगला बैल होणार म्हणून त्याचेच खच्चीकरण आधी होते, आणि राहिलेल्या, दुर्लक्षित गोऱ्ह्याकडून गाई फळतात. ट्रॅक्टर आल्यावर तर गोऱ्हा पोसण्याचे कारणच संपले. दुसरीकडे पशुप्रदर्शनात पहिला आलेला सांड पंचक्रोशीतल्या सगळ्या गाईंना लागतो. एक पिढी देखणी निघते आणि पुढच्या पिढीत सगळी भावंडे. गोशाळेत गाई जगतात ही मोठी गोष्ट आहे, पण तिथे पैदास होत नसेल किंवा बापाची नोंद राहत नसेल, तर जातीच्या हिशेबात त्या गाई धरता येत नाहीत.

एका गावाने १५ सांड पोसावेत हे शक्य नाही, म्हणून गावांनी एकत्र यायला हवे. सहा गावे, प्रत्येकी १०० गाई आणि ३ सांड असे धरले तर ६०० गाईंमागे १८ सांड होतात, आणि परिणामकारक संख्या ७० निघते. अट एकच: गावांचा क्रम ठरवून सांड कायम त्याच दिशेने फिरवायचे. पहिल्या गावात जन्मलेला गोऱ्हा दुसऱ्या गावात काम करेल, दुसऱ्यातला तिसऱ्यात, सहाव्यातला पहिल्यात. स्वतःच्या गावात कोणीही नाही. सांडाने पहिली गाय फळवल्यापासून तीन वर्षांच्या आत तो पुढच्या गावाला गेलाच पाहिजे. गाईचा गाभणकाळ साडेनऊ महिन्यांच्या आसपास, आणि त्याची पहिली कालवड अडीच-तीन वर्षांची होताच माजावर येऊ लागते. तोवर तो तिथेच असेल, तर बाप-लेकीचा संकर अटळ आहे.

सांड हलवण्याआधी ब्रुसेलोसिस आणि क्षयाची तपासणी, लाळ्या-खुरकुताची लस, आणि नव्या गावात महिनाभर वेगळे बांधणे हे टाळता येत नाही. नैसर्गिक फळवणीतून गर्भपाताचे आजार कळपभर पसरतात. ब्रुसेलाची लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांनाच द्यायची असते, गोऱ्ह्यांना नव्हे.

कृत्रिम रेतनाने काम सोपे होते आणि धोकाही वाढतो, कारण एक सांड वर्षाला हजारो रेतमात्रा देऊ शकतो. रेताच्या प्रत्येक कांडीवर, म्हणजे बारीक नळीवर, सांडाचा क्रमांक छापलेला असतो. तो गाईच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्यासमोर वहीत उतरवून घ्या. पुढे तिच्या कालवडीला भरताना तोच क्रमांक आला, तर दुसरी कांडी मागा. देशी गाईचा माज बारा तासांच्या आसपासच टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरावे, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज उन्हाळ्यात मुका असतो, बाहेरून फारसा कळत नाही, म्हणून पहाटे आणि रात्री लक्ष ठेवावे लागते.

कांडी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये असते. काढताना ती पात्राच्या गळ्याच्या वर काही सेकंदांपेक्षा जास्त राहू नये, एकीला शोधताना बाकीच्यांतलेही शुक्राणू मरतात. मग ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, पुसून कोरडी करणे, आणि लगेच वापर. खिशात किंवा हातावर वितळवलेली कांडी वाया गेली असेच समजावे. पात्राच्या बाहेरच्या अंगावर दव किंवा बर्फ धरू लागले, तर त्याची निर्वात पोकळी गेली आहे. अशा पात्रातला नायट्रोजन नागपूरच्या उन्हाळ्यात भराभर उडून जातो.

सगळे रेत गोठवून ठेवले की जात वाचली, असे मानणारेही भेटतात. एखादी जात फक्त रेतावरून परत उभी करायची तर ते दुसऱ्या जातीच्या गाईला भरायचे, तिच्या कालवडीला पुन्हा तेच, असे पाच पिढ्या करावे लागते. मग रक्त सुमारे ९७ टक्के परत येते, पण त्यात वीस-पंचवीस वर्षे जातात. आईकडूनच मिळणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए त्या दुसऱ्या जातीचाच राहतो, म्हणून गोठवलेले भ्रूण आणि जिवंत गाई दोन्ही लागतात.

जातीची शुद्धता आणि नातेसंबंध डीएनएवरून तपासता येतात. देशी गाई-म्हशींसाठी तयार केलेल्या ‘गौचिप’ आणि ‘महिषचिप’ या जनुकीय चिपांचे लोकार्पण ऑक्टोबर २०२४ मध्ये विदर्भातच, वाशिमला झाले. नमुना घेताना एकमेकांशी नाते नसलेली, वेगवेगळ्या गावांतली जनावरे निवडावीत. शेपटीच्या गोंड्याचे ३०-४० केस मुळासकट उपटावेत, कापलेल्या केसांचा उपयोग नाही. ते कागदी पाकिटात कोरडे ठेवावेत, प्लास्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते. रक्त घेतले तर ईडीटीएच्या नळीत. ईडीटीए आणि हिपॅरिन दोन्ही रक्त गोठू देत नाहीत, पण हिपॅरिनने पुढची चाचणी बिघडते.

शेवटी प्रश्न सांडाच्या दाण्यागोट्याचा येतो. सव्वाचारशे किलोच्या सांडाला रोज पाण्याचा अंश वगळून साधारण १० किलो चारा लागतो, म्हणजे प्रत्यक्ष वजनात ५ किलो कडबा, १८ किलो हिरवी वैरण आणि २ किलो ढेप-चुरी. हा खर्च एका घराला जड जातो. शंभर गाईंच्या गावात तीन सांडांची रोजची ढेप ६ किलो, म्हणजे गाईमागे ६० ग्रॅम. फळवणीच्या वेळी पैसे घेण्याऐवजी वर्षाची वर्गणी ठरवली, तर ज्याची गाय उलटली तोही तक्रार न करता देतो, आणि सांड पाळणाऱ्यावर जास्तीत जास्त गाई लावून खर्च काढायची वेळ येत नाही.