बारा माणसांशी बोलून काय कळणार?

ऑस्ट्रियातलं मारिएनथाल हे एका कापड गिरणीच्या जिवावर जगणारं गाव. महामंदीच्या तडाख्यात गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. १९३१ च्या अखेरीस व्हिएन्नाहून काही तरुण संशोधक तिथे पोहोचले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झायझेल आणि त्यांचे सहकारी. बेकारीने माणूस पेटून उठतो, असं त्या काळी अनेकांना वाटत होतं. मारिएनथालमध्ये उलटंच दिसलं. गाव थकून गेलं होतं. वाचनालयाची वर्गणी माफ केलेली, वेळ तर हवा तेवढा, तरीही १९२९ ते १९३१ या काळात घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली होती.

संशोधकांनी एक पथ्य पाळलं होतं. नुसतं बघ्या म्हणून गावात कुणी जायचं नाही. कुणी कपडेवाटपाच्या कामात होतं, कुठे वैद्यकीय तपासणी सुरू होती, कुठे शिवणाच्या बेतणीचा वर्ग. या कामांच्या निमित्ताने घरं आतून दिसली. मुख्य रस्त्यावरून लोक कसे चालतात हे त्यांनी नकळत टिपलं. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालायचे. घरकाम अंगावर असलेल्या बायका भराभर. १०० पुरुषांपैकी ८८ जणांच्या अंगावर घड्याळच नव्हतं. दिवसभरात काय केलं ते तासागणिक लिहायला दिलं, तर बऱ्याच पुरुषांना कागद भरता येईना.

आता एखाद्याने आधीच छापील प्रश्नावली नेली असती, तर 'तुम्ही घड्याळ वापरता का' हा प्रश्न तिच्यात असता का? गुणात्मक संशोधनाचं, म्हणजे लोकांशी बोलून, त्यांना जवळून बघून केलेल्या अभ्यासाचं बळ मला इथे दिसतं. काय विचारायचं हेच जिथे ठाऊक नसतं, तिथे ते उपयोगी पडतं. आकड्यांशी त्याचं वैर नाही. मारिएनथालच्या अभ्यासात आकडे भरपूर आहेत. पण काय मोजायचं हे संशोधकांना गावात राहून, बघून सुचलं.

'किती' आणि 'कितपत' या प्रश्नांसाठी सर्वेक्षण करा, प्रयोग करा. 'कसं घडतं', 'लोकांच्या लेखी याचा अर्थ काय' असे प्रश्न असतील तर मुलाखत, गटचर्चा, प्रत्यक्ष निरीक्षण, पत्रं-डायऱ्यांसारखी कागदपत्रं. यातली मुलाखत सगळ्यांना सोपी वाटते, आणि तीच सर्वांत जास्त बिघडते.

समजा, दीर्घ आजाराचे रुग्ण औषधं मध्येच का चुकवतात हे शोधायचं आहे. "औषधं वेळेवर घेता ना?" असं विचारलं की "हो" हे उत्तर ठरलेलं. त्या 'ना'मध्येच ते दडलेलं आहे. त्याऐवजी "काल सकाळी उठल्यापासूनचा दिवस सांगा" म्हणावं आणि गप्प बसावं. माणूस बोलता बोलता थांबला की नवशिक्या मुलाखतकाराला राहवत नाही, तो पुढचा प्रश्न टाकतो. थोडी कळ काढली तर पुष्कळदा त्या शांततेनंतरचं वाक्यच कामाचं निघतं. एखादी बाई म्हणते: "दुपारची गोळी राहते हो. सगळे जेवायला एकत्र बसतात, त्यात पाकीट कुठं काढायचं?"

हे वाक्य घेऊन संशोधक टेबलाशी बसतो, तिथे खरी मेहनत सुरू होते. तासाभराच्या मुलाखतीचं शब्दांकन करायला चार-पाच तास सहज जातात. मग ओळीओळीला छोटं नाव द्यायचं, त्याला कोडिंग म्हणतात. वरच्या वाक्याला 'विसरणं' असा कोड दिला तर सगळं हातचं गेलं. ती बाई विसरलेली नाही. चारचौघांत आजार उघडा पडू नये म्हणून तिने गोळी टाळली आहे. 'आजार लपवणं' हा कोड दिला की इतर मुलाखतींतली वाक्यंही त्याच्याशी नातं सांगू लागतात. मग आठवणीचा अलार्म लावून देणं हा उपाय अपुरा वाटायला लागतो. कोडिंगसाठी सॉफ्टवेअर मिळतात. ती वाक्यांचे गठ्ठे नीट बांधून ठेवतात. वाक्याचा अर्थ लावायचं काम मात्र संशोधकाचंच.

"पण बारा माणसांशी बोलून काय कळणार?" हा आक्षेप हमखास येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच तपासलं होतं. घानातल्या ३० मुलाखतींतून एकूण १०९ कोड निघाले. त्यांतले १०० पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. नवीन मुलाखतीतून नवीन काही निघेनासं झालं, की संपृक्तता आली असं म्हणतात. तेव्हापासून 'बारा' हा जणू मंत्रच झाला, ते काही बरं झालं नाही. त्या अभ्यासातले लोक बरेचसे एकसारखे होते आणि विषय आटोपशीर होता. लोक वेगवेगळ्या थरांतले असतील तर बारा फारच थोडे. शिवाय या बारांवरून 'इतके टक्के लोक आजार लपवतात' असं म्हणता येतच नाही. लपवणं नावाची गोष्ट घडते आणि ती अशी घडते, एवढंच सांगता येतं.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: संशोधकाला हवं तेच त्याला दिसलं नसेल कशावरून? यावर एक जुना, चांगला उपाय आहे. आपल्या निष्कर्षाला छेद देणारं माणूस मुद्दाम शोधायचं. सगळ्यांसमोर बिनधास्त गोळी घेणारी, तरीही औषधं चुकवणारी एखादी रुग्ण सापडली तर मांडणी बदलावी लागते, आणि ती बदलायला हवी. दुसरा उपाय म्हणजे आपण कोण आहोत हे अहवालात उघड सांगणं. मुलाखत घेणारा स्वतः डॉक्टर असेल तर रुग्ण त्याच्यापुढे वेगळं बोलणार. गुणात्मक अभ्यासाच्या अहवालात काय काय सांगावं यासाठी २००७ पासून वापरात असलेल्या 'कोरेक' या ३२ मुद्द्यांच्या यादीत मुलाखतकार कोण, त्याचं प्रशिक्षण काय, सहभागी व्यक्तींशी त्याची आधीची ओळख होती का, हे विचारलेलं आहे. असा अहवाल हाती आला तर मी आधी हाच भाग वाचतो.

नावं बदलली की गोपनीयता राखली, असं समजणारे बरेच असतात. एखाद्या छोट्या संस्थेत मुख्य परिचारिका एकच असते. 'मुख्य परिचारिका म्हणाली' एवढं लिहिलं तरी तिथल्या सगळ्यांना ती कळते. तपशील बदलावा तर पुराव्यालाच धक्का लागतो. मग उतारा गाळायचा, की मसुदा तिला दाखवून तिलाच ठरवू द्यायचं? मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा आहे. मात्र मसुदा छपाईला जायच्या पुरेसा आधी दाखवायला हवा, आणि ती 'नको' म्हणाली तर तो उतारा निमूटपणे काढायची तयारी हवी, मग लेखातला तो सर्वांत चांगला उतारा का असेना.