रेघ हलते कशी?

पावसाळ्यात 'समुद्राने घरं गिळली' अशी एक तरी बातमी येतेच. कोणी म्हणतं समुद्र कोपला, कोणी '२०५० साली बुडणाऱ्या शहरां'चा नकाशा पुढे ढकलतो. समुद्राची पातळी वाढते आहे हे खरंच. पण कित्येक ठिकाणी किनारा आधी वाळूच्या हिशेबात मार खातो.

पुळणीवर लाटेत सापडलेली करवंटी पाहा. तिरकी लाट तिला तिरपी वर चढवते, परतणारं पाणी उताराने सरळ खाली ओढतं. असं करवतीच्या दात्यांसारखं वर-खाली होत ती किनाऱ्याच्या कडेने सरकत जाते. वाळूही तशीच चालते. मद्रासला ती वर्षाच्या हिशेबात दक्षिणेकडून उत्तरेला जाते. १८७०च्या दशकात तिथे बंदराच्या भिंती समुद्रात घालायला सुरुवात झाली आणि ही वाट अडली. दक्षिणेला वाळू साचून आजची रुंद मरीना झाली, उत्तरेला रोयापुरमचा किनारा खचत गेला.

याचं गणित १९५६ साली पेलनार-कॉन्सिदेर या फ्रेंच अभियंत्याने मांडलं. किनारा म्हणजे एक रेघ. तिचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यात वाळूची आवक-जावक मोजा. आवक जास्त तर रेघ पुढे, जावक जास्त तर मागे. वाळू किती वाहणार हे लाट आणि किनारा यांच्यातल्या कोनावर ठरतं. आता किनाऱ्याला एक फुगवटा आहे असं धरा. लाटा थोड्याच तिरक्या असतील, तर कोन वाढला की वाहणारी वाळूही वाढते. फुगवट्याच्या अलीकडे, म्हणजे वाळू येते त्या बाजूला, कोन घटतो, पलीकडे वाढतो. म्हणजे टोकाशी आवक कमी, जावक जास्त, टोक झिजतं. तापलेल्या सळईत उष्णता पसरते, त्याचंच हे समीकरण निघतं! म्हणूनच भिंतीपाशी साचणारी पुळण काळाच्या वर्गमुळाने वाढते: चौपट वर्षांत दुप्पट रुंदी, वाळू भिंतीला वळसा घालू लागेपर्यंत.

आणि खोल समुद्रातल्या लाटा साधारण ४५ अंशांहून जास्त तिरक्या असल्या तर? मग कोन आणखी वाढला की प्रवाह उलट घटतो. समीकरणातला पसरण्याचा गुणांक उणे होतो आणि फुगवटा झिजण्याऐवजी वाढत सुटतो. ॲश्टन, मरे आणि आर्नू या संशोधकांनी २००१ साली संगणकावर हे दाखवलं. सरळ रेघेतून अमेरिकेतल्या कॅरोलिनासारखी भूशिरं उगवली.

कोकणात मात्र कातळाची टोकं मध्ये येतात, म्हणून रेघ तुकड्यातुकड्याने मांडावी लागते. आणि जिथे पुळणीला खाडीतून वाळू मिळते, तिथे खाडीतून उपसलेली वाळू आवकेतून वजा करावी लागते.